टंचाई, किंमत आणि डॉक्टरची सही

आपल्या स्मरणिकेसाठी मी आजवर जे काही लिहिले, ते माझ्या विषयाच्या कुंपणात राहून लिहिले. कधी बालदम्याविषयी, कधी लसीकरणाच्या वेळापत्रकाविषयी, तर कधी परीक्षेच्या ताणाविषयी. या वेळी ते कुंपण ओलांडण्याचे धाडस करीत आहे. अर्थशास्त्र हा माझा अभ्यासविषय नव्हे. परंतु २०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्यापैकी प्रत्येकाने त्या शास्त्राचे काही धडे रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून गिरवले आहेत. त्यांची उजळणी झाली नाही, तर पुढल्या साथीत त्याच चुका पुन्हा होतील, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा लेख.

आपण हैदराबादकर या बाबतीत विशेष साक्षीदार आहोत. कोव्हॅक्सिन आणि कॉर्बेव्हॅक्स या दोन्ही लसी आपल्या शहरातील कंपन्यांनी बनविल्या, रेमडेसिविर बनविणाऱ्या कंपन्याही येथे होत्या, आणि तरीही त्याच शहरात लोक औषधासाठी वणवण फिरताना आपण पाहिले. कारखाना दाराशी असणे आणि औषध हाती पडणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रथम एक कबुली

एप्रिल २०२१ च्या अखेरीस एका संध्याकाळी मला एका तरुणाचा फोन आला. लहानपणी तो माझाच रुग्ण होता आणि तेव्हा त्याची दोन वर्षांची मुलगीही माझ्याकडेच येत असे. वडील सदुसष्ट वर्षांचे. आजाराचा नववा दिवस. ताप उतरलेला, ऑक्सिजनचे प्रमाण ९५ टक्के, थोडेफार जेवण जात होते. "डॉक्टरकाका, रेमडेसिविरची चिठ्ठी तेवढी द्या. शेजारच्यांना मिळाली, आम्हालाच कोणी देईना," तो म्हणाला. वडिलांना त्याची गरज नाही, पालथे झोपवा, पाणी द्या, दर चार तासांनी ऑक्सिजन मोजा, असे मी सांगितले. त्याने ऐकून घेतले. रात्री दहा वाजता पुन्हा फोन आला, तेव्हा तो रडत होता.

मी चिठ्ठी लिहिली.

सहा कुप्या मिळवायला त्याला दोन दिवस लागले. छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले, त्यासाठी बहिणीकडून उसनवारी करावी लागली, असे मला मागाहून कळले. वडील बरे झाले. ते या इंजेक्शनाविनाही बरे झाले असते, याबद्दल मला तेव्हाही फारशी शंका नव्हती. मी लिहिलेली ती चिठ्ठी हे औषध नव्हते, एका घाबरलेल्या मुलाची समजूत होती. पण बाजाराच्या हिशेबात ती 'मागणी' म्हणून नोंदली गेली. या लेखाचे सारे सूत्र त्या एका वाक्यात आहे.

किमतीची दोन कामे

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात किमतीला दोन कामे सांगितलेली असतात. पहिले काम निरोप पोहोचविण्याचे. एखादी वस्तू कमी पडू लागली, की तिची किंमत वाढते आणि उत्पादकाला कळते की ही वस्तू अधिक बनविली पाहिजे. दुसरे काम वाटपाचे. आहे तेवढी वस्तू कोणाला मिळावी, हे किंमत ठरविते. जो अधिक द्यायला तयार, त्याला ती मिळते. भाजी, कापड, घड्याळ यांच्या बाबतीत ही व्यवस्था बऱ्यापैकी चालते. टोमॅटो महाग झाले तर गृहिणी चिंचेवर भागवते आणि शेतकरी पुढच्या हंगामात टोमॅटो लावतो.

साथीच्या काळात मात्र ही दोन्ही कामे एकाच वेळी बिघडतात. ज्याच्या घरी माणूस धापा टाकतो आहे, तो चिंचेवर भागवू शकत नाही, आणि पुढच्या हंगामाची वाट तर मुळीच पाहू शकत नाही. शिवाय अधिक पैसे देऊ शकणारा हा अधिक आजारी असतो, असे नाही. उत्पादकाला निरोप पोहोचला, तरी कच्चा माल, निर्जंतुक भरणी, गुणवत्ता-चाचण्या या पायऱ्या कोणत्याही किमतीला रातोरात उरकता येत नाहीत. म्हणजे किंमत वाढते, निरोपही जातो, पण माल यायला वेळ लागतो. मधल्या त्या काही आठवड्यांतच रुग्ण जगतो किंवा दगावतो.

रेमडेसिविरचा धडा

आता वस्तुस्थिती पाहू. २०२० च्या जूनमध्ये या औषधाला भारतात आपत्कालीन वापराची मान्यता मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सॉलिडॅरिटी' चाचणीचे अंतरिम निष्कर्ष आले. रुग्णालयातील रुग्णांच्या मृत्यूवर या औषधाचा फारसा परिणाम दिसला नव्हता. नोव्हेंबरमध्ये संघटनेने ते सरसकट वापरू नये, अशी शिफारस केली. पुढे २०२२ मध्ये आलेल्या अंतिम निष्कर्षांत, ऑक्सिजनवर असलेल्या पण व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णांत थोडा लाभ आढळला, व्हेंटिलेटरवरील रुग्णांत तो आढळला नाही. जोखमीच्या रुग्णांना अगदी सुरुवातीच्या दिवसांत तीन दिवस दिल्यास रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते, हे दाखविणारा अभ्यास २०२१ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. सारांश, हे औषध निरुपयोगी नव्हते, पण मर्यादित रुग्णांना, मर्यादित वेळेत आणि मर्यादित प्रमाणातच उपयोगी होते.

पहिली लाट ओसरल्यावर मागणी आटली आणि कंपन्यांनी उत्पादन घटविले. बाजाराच्या दृष्टीने ते योग्यच होते. न विकला जाणारा माल कोण बनवील? एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट उसळली, तेव्हा शासनाने पावले उचलली. ११ एप्रिलला निर्यातबंदी झाली. १७ एप्रिलला निरनिराळ्या कंपन्यांच्या १०० मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत खाली आणली गेली. ज्या कुपीला पूर्वी ५,४०० रुपयांपर्यंत पडत, ती ८९९ ते ३,४९० रुपयांच्या दरम्यान आली. त्यानंतर केंद्राने राज्यांना कोटा ठरवून दिला. नव्या कारखान्यांना झपाट्याने परवानगी दिली. मे अखेरीस शासनाने जाहीर केले, की ११ एप्रिलला दिवसाला ३३,००० कुप्यांचे असलेले उत्पादन ३,५०,००० कुप्यांवर पोहोचले आहे आणि कारखान्यांची संख्या २० वरून ६० झाली आहे. त्यामुळे केंद्रीय वाटपही थांबविण्यात आले.

दीड महिन्यात दसपट उत्पादन ही लहान गोष्ट नव्हे. परंतु देशातील दैनंदिन रुग्णसंख्येचा उच्चांक, चार लाख चौदा हजारांचा, मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात होऊन गेला होता. पूर येऊन गेल्यावर बंधारा पूर्ण व्हावा, तसे झाले.

मधल्या काळात काय झाले? छापील किंमत खाली आली, पण कुप्या वाढल्या नाहीत. छापील किंमत आणि अगतिक माणूस द्यायला तयार असलेली किंमत यांच्यात जी दरी पडली, ती दलालाची कमाई ठरली. किंमत-नियंत्रण चुकीचे होते, असे मी म्हणत नाही. जीवनावश्यक औषधाचा लिलाव होऊ देणे कोणत्याही सभ्य समाजाला शोभणारे नाही. पण किमतीकडून वाटपाचे काम काढून घेतले, तर ते दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे लागते. ते कोणावर सोपविले आहे, हे स्पष्ट नसेल, तर ते ओळख, वशिला आणि काळा बाजार यांच्याकडे आपोआप जाते. योग्य वाटपकर्ता एकच होता, तो म्हणजे वैद्यकीय निकष. २२ एप्रिल २०२१ रोजी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि आयसीएमआर यांच्या मार्गदर्शिकेत तो लिहिलाही होता. जे ऑक्सिजनवर नाहीत किंवा घरी उपचार घेत आहेत, त्यांना हे औषध देऊ नये, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. निकष कागदावर होता. तो अमलात आणायचे काम आपल्या सह्यांचे होते.

स्वस्त औषधाची रांग का लागली नाही?

याच काळातील दुसरे एक औषध आठवून पाहावे. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील 'रिकव्हरी' चाचणीने डेक्सामेथासोनचे निष्कर्ष जाहीर केले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने, आणि केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक-पंचमांशाने कमी झाले. काही रुपयांत मिळणारे, आपण सर्वांनी वर्षानुवर्षे वापरलेले हे औषध. त्यासाठी कोणी रांग लावली नाही, कोणी आमदारांना फोन केला नाही, कोणी दागिने गहाण टाकले नाहीत. उलट ते इतके सहज मिळत होते, की गरज नसताना, अगदी पहिल्या दिवसापासून ते देण्याची दुसरीच चूक आपल्यापैकी काहींनी केली.

सामान्य माणसाच्या मनात किंमत हीच गुणवत्तेची खूण असते. जे दुर्मिळ ते रामबाण, असा त्याचा समज होतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण पारखण्याचे दुसरे साधन त्याच्यापाशी नसते. ते साधन आपल्यापाशी असते.

ग्राहक कोण?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला. आरोग्य-अर्थशास्त्र या शाखेचा पाया म्हणून तो आजही अभ्यासला जातो. त्याचा गाभा असा, की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही, कारण येथे अनिश्चितता मोठी आहे आणि ज्ञान दोन्ही बाजूंना समान नाही. आपल्याला नेमके काय हवे, हे रुग्णाला ठाऊक नसते. तो ते डॉक्टरला विचारतो. म्हणजे पैसे देतो एक, औषध घेतो एक आणि निवड करतो तिसराच. भाजीबाजारात भाजीवालाच गिऱ्हाइकाच्या वतीने भाजी निवडू लागला, तर जे होईल, ते आपल्या क्षेत्रात रोज होत असते. फरक इतकाच, की रुग्ण आपल्यावर विश्वास टाकून येतो. बाजारभावापेक्षा निराळा असा काहीतरी न्याय येथे चालेल, ही त्याची अपेक्षा असते.

यातून निघणारा निष्कर्ष आपल्याला अवघड वाटेल. २०२१ च्या टंचाईचा एक भाग विषाणूने निर्माण केला, एक भाग उशिरा जागे झालेल्या नियोजनाने, परंतु एक भाग आपल्या चिठ्ठ्यांनी निर्माण केला. शासनाला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला जरूर आहे. मात्र तो विचारताना आपला वाटा वगळता येणार नाही.

लस: जोखीम कोणी उचलावी?

आता लसीकडे वळू. लसीचा कारखाना उभारायला आधी पैसे लागतात, आणि लस यशस्वी होईल की नाही, हे नंतर कळते. केवळ बाजारावर सोडले, तर कोणताही शहाणा उद्योजक चाचणीचा निकाल येईपर्यंत थांबेल. साथीत थांबायला वेळ नसतो. म्हणून ही जोखीम कोणीतरी वाटून घ्यावी लागते.

अमेरिकेने मे २०२० मध्ये 'ऑपरेशन वॉर्प स्पीड' सुरू केले. ॲस्ट्राझेनेकाला ३० कोटी मात्रांसाठी १२० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. फायझरशी जुलै २०२० मध्ये १० कोटी मात्रांचा १९५ कोटी डॉलरचा करार केला. फायझरने संशोधनासाठी त्यातून पैसा घेतला नव्हता. लस मान्य झाली तर ती विकत घेऊ, हे वचनच पुरेसे ठरले. पुण्याच्या सीरम संस्थेनेही मान्यतेपूर्वीच उत्पादन सुरू केले. त्यात गेट्स प्रतिष्ठान आणि गावी यांच्यामार्फत २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात एकूण ३० कोटी डॉलरचे पाठबळ मिळाले. गरीब देशांना मात्रेमागे तीन डॉलरपेक्षा जास्त आकारायचे नाही, ही त्यामागची अट होती.

आपल्या देशात १८ वर्षांवरील लोकसंख्या सुमारे ९४ कोटी, म्हणजे दोन मात्रांच्या हिशेबाने १८८ कोटी मात्रा हव्या होत्या. केंद्राची पहिली खरेदी जानेवारी २०२१ मध्ये, मोहीम सुरू होण्याच्या काही दिवस आधी झाली. कोव्हिशील्डच्या १ कोटी १० लाख आणि कोव्हॅक्सिनच्या ५५ लाख मात्रा. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात ३५,००० कोटी रुपयांची तरतूद झाली, पण दोन्ही कंपन्यांना मिळून सुमारे ४,५०० कोटी रुपयांची आगाऊ रक्कम मंजूर झाली ती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, लाट अंगावर आल्यावर. तरतूद आणि मागणी नोंदविणे यांत जे अडीच महिने गेले, ते आपल्याला महाग पडले. उत्पादकाला अर्थसंकल्पातील आकडा वाचून यंत्रसामग्री मागविता येत नाही. त्याला सही केलेली मागणी लागते.

एक लस, तीन दर

१ मे २०२१ पासून खरेदीचे 'उदारीकरण' झाले. निम्मी लस केंद्राने, उरलेली निम्मी राज्यांनी आणि खाजगी रुग्णालयांनी थेट कंपन्यांकडून घ्यावी, असे ठरले. केंद्राला १५० रुपयांना मिळणारी कोव्हिशील्ड राज्यांना आधी ४०० आणि मग ३०० रुपयांना, खाजगी रुग्णालयांना ६०० रुपयांना सांगितली गेली. कोव्हॅक्सिनचे दर राज्यांना आधी ६०० आणि मग ४००, तर खाजगी रुग्णालयांना १,२०० रुपये. खरेदीदार वाढले की स्पर्धा वाढेल आणि पुरवठा सुधारेल, ही त्यामागची कल्पना असावी. परंतु स्पर्धा विक्रेत्यांत असेल तर ग्राहकाचा लाभ होतो. येथे विक्रेते दोन आणि ग्राहक असंख्य होते. स्पर्धा ग्राहकांतच लागली. राज्याराज्यांनी जागतिक निविदा काढल्या, तेव्हा फायझर-मॉडर्नासारख्या कंपन्यांनी आम्ही केवळ केंद्र सरकारशीच बोलू, असे कळविले.

खाजगी वाट्यातही तेच झाले. त्या मे महिन्यात खाजगी क्षेत्राला मिळालेल्या मात्रांपैकी जवळजवळ निम्म्या अवघ्या नऊ मोठ्या रुग्णालयसमूहांकडे गेल्या, असे वृत्त तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. माझ्यासारख्या, दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालविणाऱ्यांचा अनुभव त्याहून वेगळा नव्हता. माझ्याकडे शीतपेटी होती, प्रशिक्षित परिचारिका होत्या, पंचवीस वर्षांच्या लसीकरणाची नोंदवही होती. पण माझी मागणी इतकी किरकोळ होती, की तिची दखल घ्यायला कोणाला सवड नव्हती. माझ्या रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर राहणारी, मोबाइलवर नोंदणी न जमणारी धुणीभांडी करणारी बाई आणि मी, आम्ही दोघेही एकाच रांगेच्या बाहेर होतो.

३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने, १८ ते ४४ वयोगटाला पैसे देऊन लस घ्यायला लावणारे हे धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अविवेकी असल्याचे म्हटले. ७ जूनला पंतप्रधानांनी केंद्रीय खरेदीची घोषणा केली आणि २१ जूनपासून ७५ टक्के लस केंद्राने घेऊन राज्यांना मोफत द्यायला सुरुवात झाली. त्या एका दिवसात ८० लाखांहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी १०० कोटींचा आणि १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटींचा टप्पा गाठला गेला. २५ टक्के लस खाजगी रुग्णालयांसाठी राखून ठेवली होती, पण प्रत्यक्षात त्यांचा वाटा त्याहून पुष्कळच कमी राहिला. मोफत लस जवळच्या केंद्रावर मिळू लागल्यावर माणसे तिकडे गेली, हे स्वाभाविकच होते.

लाट ओसरल्यावर

साथ संपत आल्यावर बाजाराने दुसरे टोक दाखविले. मागणी नाहीशी झाली. सीरम संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये कोव्हिशील्डचे उत्पादन थांबविले आणि पुढे सुमारे १० कोटी मात्रा मुदत संपल्याने नष्ट कराव्या लागल्या. एप्रिल २०२२ मध्ये खाजगी केंद्रांत वर्धक मात्रा खुली झाली, तेव्हा कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिनचा दर २२५ रुपयांवर आला होता. आपल्या शहरात बनलेल्या कॉर्बेव्हॅक्ससाठी शासनाने जून २०२१ मध्ये ३० कोटी मात्रांपोटी १,५०० कोटी रुपये आगाऊ देण्याचे ठरविले होते. परंतु तिला मान्यता मिळाली डिसेंबरअखेरीस, आणि १२ ते १४ वयाच्या मुलांना ती मिळू लागली मार्च २०२२ मध्ये. मे २०२२ मध्ये तिची खाजगी किंमत ८४० वरून २५० रुपयांवर आली. मुलांच्या पालकांना त्या सुमारास लसीची आठवण करून द्यावी लागत होती. वर्षभरापूर्वी हेच पालक स्वतःसाठी पहाटे पाचला उठून मोबाइलवर वेळ शोधत होते.

यावरून कोणी म्हणेल, की आगाऊ दिलेला पैसा वाया गेला. मला तसे वाटत नाही. अग्निशमन दलाचे जवान वर्षातले बरेच दिवस बसून असतात, म्हणून आपण त्यांचा पगार वाया गेला असे म्हणत नाही. सज्जता हीसुद्धा एक वस्तू आहे आणि तिला किंमत असते. मात्र ती किंमत ग्राहक देणार नाही, कारण आग नसताना पाणी कोणी विकत घेत नाही. ती समाजाने, म्हणजे शासनाने, शांततेच्या काळात द्यायची असते.

शांततेच्या काळातील असा एक यशस्वी प्रयोग आपण बालरोगतज्ज्ञांनी डोळ्यांनी पाहिला आहे. न्यूमोकोकल लस आपल्या देशात खाजगीरीत्या मिळत असे, तेव्हा एका मात्रेला साडेतीन-चार हजार रुपये पडत. न्यूमोनियाने दगावणारी मुले ज्या घरांतली, त्या घरांना ती परवडणे शक्यच नव्हते. २००९ मध्ये काही देशांनी आणि गेट्स प्रतिष्ठानने मिळून १५० कोटी डॉलरचे वचन दिले, की गरीब देशांना ठरलेल्या दराने लस पुरविणाऱ्या उत्पादकाकडून आम्ही ती निश्चित विकत घेऊ. या 'आगाऊ बाजारहमी'मुळे उत्पादकांना क्षमता वाढविण्याचा धीर आला. पुढे भारतात स्वस्त न्यूमोकोकल लस तयार झाली, तिला डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली आणि गावीसाठी तिची किंमत मात्रेमागे दोन डॉलरवर आली. २०१७ पासून काही राज्यांत टप्प्याटप्प्याने दिली जाणारी ही लस ऑक्टोबर २०२१ पासून साऱ्या देशातील बाळांना मोफत मिळू लागली. येथे बाजाराला हाकलून दिले नाही आणि मोकाटही सोडले नाही. त्याच्याशी वेळेवर करार केला.

उलट, करार आणि पैसा दोन्ही असूनही लक्ष दुसरीकडे गेले तर काय होते, हेही त्याच काळात दिसले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये भारतातील सुमारे २७ लाख बाळांना त्रिगुणी लसीची एकही मात्रा मिळाली नव्हती. २०२२ मध्ये ही संख्या सुमारे ११ लाखांवर आली. ही सुधारणा आशा कार्यकर्त्यांनी आणि परिचारिकांनी दारोदार फिरून घडविली. कोणत्याही बाजारभावात तिची नोंद नाही.

आपण काय करावे?

दोन वर्षांपूर्वी ते काका नातीला घेऊन माझ्याकडे आले होते. दर खेपेप्रमाणे म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या इंजेक्शनाने वाचलो." त्या दिवशी मला राहवले नाही. मी त्यांना खरे सांगितले, की ते इंजेक्शन तुम्हाला नको होते, तुम्ही आपोआप बरे झालात, मी नाही म्हणायला हवे होते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग शांतपणे म्हणाले, "तुम्ही नाही म्हणाला असता, तर पोरगा दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असता. तिथून आणली असती."

हे वाक्य माझ्या मनात घर करून आहे. ते मला दोषमुक्त करणारे नव्हे, पण खरे आहे. एकट्या डॉक्टरने नाही म्हटल्याने मागणी कमी होत नाही, ती शेजारच्या दवाखान्यात सरकते. सर्वांनी मिळून नाही म्हटले, तरच ती कमी होते. म्हणून ही गोष्ट व्यक्तीच्या सद्सद्विवेकावर सोडण्यासारखी नाही, ती संघटनेची आहे. आपल्या सोसायटीपुढे मी नम्रपणे चार सूचना ठेवतो.

एक, कोणत्याही नव्या साथीत पहिल्या पंधरवड्यात सोसायटीने एका पानाची उपचारसंहिता काढावी. कोणते औषध कोणाला आणि मुख्य म्हणजे कोणाला नाही, हे त्यात मराठी, तेलुगू, हिंदी आणि उर्दूत असावे आणि ती प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात दर्शनी लावावी. नाही म्हणताना बोट दाखवायला भिंतीवर काहीतरी असले पाहिजे.

दोन, लहान रुग्णालयांनी लस, ऑक्सिजन सिलिंडर आणि आवश्यक औषधे यांची मागणी एकत्र नोंदवावी. दहा खाटांच्या मागणीला कोणी विचारत नाही, पण चाळीस रुग्णालयांच्या एकत्रित मागणीला विचारावे लागते.

तीन, टंचाईच्या औषधाची चिठ्ठी देताना रुग्णाचे ऑक्सिजनचे प्रमाण आणि आजाराचा दिवस चिठ्ठीवरच लिहिण्याचा नियम आपण स्वतःवर घालून घ्यावा. हे दोन आकडे लिहावे लागले असते, तर त्या रात्री माझा हात थांबला असता, असे मला वाटते.

चार, साथ सुरू असतानाही नियमित लसीकरणाचा एक ठरावीक वार बंद पडू देऊ नये.

बाजार हा आपला शत्रू नाही आणि शासन हा सर्वज्ञ पालक नाही. दोघांनाही खरी माहिती लागते, आणि खरी गरज किती, ही माहिती आपल्या चिठ्ठीतून त्यांच्यापर्यंत जाते. ती खोटी गेली, तर कारखाने चुकीची वस्तू दसपट बनवितात आणि योग्य वस्तू कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढली साथ कधी येईल, हे सांगता येत नाही. ती येईल, तेव्हा कोणीतरी मुलगा रात्री दहा वाजता आपल्यापैकी कोणाला तरी रडत फोन करील. त्या वेळी नाही म्हणण्याचे बळ आपण आजच, एकमेकांना, देऊन ठेवू या.